जुन्या पॉप गाण्यांच्या कॅसेटमध्येच आजीचा आवाज आहे, कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा?

धरमपेठकर:
९० मिनिटांची घरगुती कॅसेट आहे, १९९६ सालची. ए बाजूला त्या वेळची इंडीपॉप गाणी, दुकानातून भरून आणलेली. शेवटच्या गाण्यानंतर पाचसहा मिनिटं आजीचं बोलणं, घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं. गाणं मोबाइलवर कधीही मिळतं, पण आमच्या घरी ते संपलं की पुढे आजी बोलणार हे सगळ्यांच्या कानात बसलंय, म्हणून दोन्ही सलग हवंय. कॅसेटच्या खिडकीतून आतल्या टेपच्या पट्टीवर पांढुरके ठिपके दिसतात. घरचा जुना डेक चालू होतो, पण सूर हलून राहिला. स्वस्तातला यूएसबी कॅसेट प्लेअर घेऊ का?

स्पूलवाला:
ताई, ती कॅसेट सध्या कशातही वाजवू नका. ठिपके बुरशीचे दिसतात. तशीच वाजवली तर बुरशी हेडला, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, आणि रबरी रोलरला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. आपल्या नागपुरात हे फक्त पावसाळ्याचं दुखणं नाही. एप्रिल ते जून ज्या खोलीत कूलरची ओली हवा फिरते, तिथल्या कपाटातही बुरशी धरते.

पहिलं काम, वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे छोटे टॅब तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. मग कॅसेट आठवडाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. बुरशी वाळली की भुकटी होऊन सुटते. उन्हात मात्र अजिबात ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात कवच वाकतं आणि पट्टीचे थर एकमेकांवर आवळले जातात.

वाळल्यावर कॅसेट उघडा. पाच छोटे स्क्रू असतील तर सोपं आहे. चिकटवलेलं कवच असेल तर सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू फोडावं लागतं आणि दोन्ही गुंडाळ्या स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवाव्या लागतात. कवच आडवं ठेवूनच वरचा भाग उचला आणि लगेच फोटो काढा, पट्टी कोणत्या रोलरवरून कशी गेलीय ते नंतर आठवत नाही. मऊ ब्रशने गुंडाळ्यांच्या कडा झाडा, मग पट्टी धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून हाताने पूर्ण फिरवा. हे सगळं गॅलरीत, एन-९५ मास्क लावून. पट्टीला स्पिरिट लावायचं नाही.

पट्टीमागची नमद्याची छोटी गादी निघाली आहे का तेही बघा. ती नसली की पट्टी हेडला टेकत नाही आणि आवाज दबका, मध्येच गायब होणारा येतो. तुटलेली पट्टी सेलोटेपने जोडू नका, उष्णतेने गोंद पाझरून पुढचा थर चिकटतो. जोडकामाची खास टेप मिळते. सी-९० ची, म्हणजे तुमच्यासारख्या ९० मिनिटांच्या कॅसेटची, पट्टी ६० मिनिटांच्या सी-६० पेक्षा पातळ असते, म्हणून जुन्या डेकवर जोरात पुढेमागे पळवणं टाळा.

महालचा मेकॅनिक:
यूएसबी प्लेअर नका घेऊ. त्यातली बहुतेक यंत्रं हलकी असतात, त्यांचाही सूर डोलतो आणि मग पैसे पाण्यात. घरचाच डेक नीट करा.

सूर हलून राहिला म्हणजे बहुतेक बेल्ट ढिला झाला आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुन्या बेल्टचं कधीकधी काळं डांबरच होतं. तसं असेल तर पुली आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका. माप घेताना पुलींभोवती दोरा फिरवून लांबी काढा आणि बेल्ट त्यापेक्षा साधारण ५ टक्के आखूड घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरवर ताण येतो. सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जुना बेल्ट सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून मिळत नाही.

हेड आणि चकाकता दांडा, म्हणजे कॅप्स्टन, इअरबड आणि ९९ टक्के आयपीएने पुसा. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर घटक असू शकतात. रबरी रोलर चकचकीत कडक झाला असेल तर पुसून उपयोग नाही, बदलाच. आधी बिनकामाची कॅसेट दोन्ही बाजू लावून बघा. पट्टी खाल्ली नाही तरच आजींची कॅसेट आत टाका.

चौथा ट्रॅक:
ॲझिमथबद्दल, म्हणजे हेड पट्टीला ज्या कोनात टेकतं त्याबद्दल, कोणी बोललं नाही, आणि या कॅसेटमध्ये तेच कळीचं आहे. गाणी दुकानाच्या यंत्रावर भरली, आजी घरच्या यंत्रावर. दोन्ही हेडचे कोन वेगळे असणार, म्हणून ए बाजू दोनदा घ्यावी लागेल. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूची मूळ जागा नेलपेंटने खूण करून ठेवा. डावा-उजवा आवाज मोनो करून ऐका आणि स्क्रू अगदी थोडा फिरवा. जिथे झांज सगळ्यात स्वच्छ वाजते तिथे थांबा. त्या कोनावर गाणी घ्या. मग आजींच्या आवाजावर पुन्हा तेच करा, तिथे 'स', 'श' ऐकून ठरवा. बिनस्प्रिंगच्या स्क्रूला हात लावायचा नाही. कॅसेट डॉल्बीत (खरखर कमी करणाऱ्या सोयीत) भरलेली नसेल तर डेकवरची डॉल्बी बंद ठेवा, नाहीतर आवाज गुदमरतो.

जोडणी लाइन-आउटमधून, स्टिरिओ लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं आणि त्यात आवाज लगेच फाटतो. गुंगुं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ४५ मिनिटांची बाजू साधारण ७८० एमबी होते.

मूळ फाइलवर सफाई करू नका. गाणं संपल्यानंतरची खरखर, बटणाचा खटका, मागचा पंखा, सगळं राहू द्या, घरच्यांच्या कानात तेही आहे. खरखर कमी करायचीच तर प्रतीवर, ६ ते ९ डेसिबल. त्याहून जास्त केलं की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं.

धरमपेठकर:
बेल्ट बदलल्यावर वेग बरोबर आहे हे कशावरून कळेल? आजीचा आवाज पातळ नको.

स्पूलवाला:
आधी तुमच्या गाण्यावरूनच अंदाज घ्या. अधिकृत डिजिटल गाण्यात सुरुवातीचा एक आणि शेवटाजवळचा एक ठळक ठोका निवडा आणि तेच दोन तुमच्या फाइलमध्ये मोजा. पूर्ण लांबी मोजू नका, शेवटचा फेड, म्हणजे हळूहळू विरत जाणारा आवाज, प्रत्येक प्रतीत वेगळा असू शकतो. तिथे २०० सेकंद आणि तुमच्याकडे १९५ आले, तर कॅसेट सुमारे अडीच टक्के जलद चालली. स्पीड आणि पिच एकत्र बदलणाऱ्या इफेक्टमध्ये ०.९७५ टाका. फक्त टेम्पो बदलला तर आवाजाचा सूर सुधारत नाही.

चौथा ट्रॅक:
बरोबर, पण त्या आकड्यात दुकानाच्या यंत्राची चूकही मिसळलेली असते, ती आजींच्या भागाला लागू नाही. घरचा टेपरेकॉर्डर तेव्हा विजेवर चालला असेल तर आजींच्या मागे विजेची गुंगुं असेल. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीच्या आलेखात) तिच्या पटीतलं १०० किंवा १५० हर्ट्झजवळचं टोक शोधा, ५० पेक्षा तिथे फरक स्पष्ट दिसतो. १५० ऐवजी १५४ दिसलं तर भाग अडीच टक्क्यांहून थोडा जास्त जलद आहे. बरोब्बर १५० वर उभं टोक दिसलं तर आधी शंका घ्या, ते आजच्या तुमच्या डेकचंही असू शकतं. कोरी पट्टी वाजवून तेच येतं का बघा. नव्वदच्या दशकात विजेची फ्रिक्वेन्सी बरीच खालीवर व्हायची, त्यामुळे यातही एकदोन टक्के चूक धरा. सेलवर घेतलं असेल तर गुंगुं मिळणार नाही, आणि सेल उतरत गेले असतील तर वेग त्या पाचसहा मिनिटांतच बदलत जातो. मग त्या भागाच्या तीन प्रती करा, उणे २, मूळ आणि अधिक २ टक्के, आणि आजींना रोज ऐकलेल्या माणसाला कोणती प्रत कोणती हे न सांगता ऐकवा.