मदत हवी आहे : चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो

डोंगरवाट :
माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. लांब चढावर थोडा वेळ गेला की डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचे तापमान वाढल्याचा इशारा येतो, गिअर बदलताना झटके बसू लागतात आणि गाडी बाजूला उभी करून गार होऊ दिली की सगळे पूर्ववत होते. गिअरबॉक्सचे तेल बदलून घेतले, तरी फरक नाही. आता मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा करत आहे. तो उतरवण्यापूर्वी काय तपासून घ्यावे, हे कृपया लवकर सांगा, कारण आई-वडिलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचे आहे.

गिअरवेडा :
ऑटोमॅटिक म्हणजे नेमका कोणता प्रकार? टॉर्क कन्व्हर्टर (शक्ती तेलामार्फत देणारा), सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला), ड्युअल क्लच (दोन क्लचचा) की एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रणा बदलते)?

डोंगरवाट :
क्लचचे पेडल नाही, एवढे पुरेसे नाही का? तापणे तर सगळीकडे सारखेच असणार.

गिअरवेडा :
सारखे नसते, म्हणूनच विचारले. कोरड्या ड्युअल क्लचमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकताना क्लचच्या चकत्या तापतात आणि तेल बदलून त्यात काहीच साधत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र उष्णता तेलातच निर्माण होते आणि तेच तेल कूलरमध्ये जाऊन ती बाहेर टाकते. गाडीच्या पुस्तिकेत पाहून सांगा.

निळी छत्री :
आमच्या गाडीचा तापमानाचा काटा असाच चढत असे. थर्मोस्टॅट अडकलेला निघाला. तो बदलून कूलंट नवे भरा.

गिअरवेडा :
तो इंजिनाचा काटा, निळी छत्री. इथला इशारा गिअरबॉक्सचा आहे. अर्थात, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो, त्यामुळे इंजिनही तापते आहे का, हे धागाकर्त्याने सांगायलाच हवे.

डोंगरवाट :
पुस्तिकेत सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर लिहिला आहे. इंजिनाचा काटा मधोमध स्थिर असतो.

लांबपल्ला :
मग वेगळा मोठा कूलर बसवून घ्या. मी बसवला आणि तेव्हापासून गाडीने मागे ओझेही ओढले, तरी इशारा आला नाही. चढावर गाडी तापणारच, तिला जास्त थंडावा द्या, एवढाच त्याचा अर्थ.

जुना जाणता :
लांबपल्ला, तुम्ही ओझे ओढत होता, म्हणून तुमच्या गाडीला तो उपाय योग्य होता. इथे कारखान्यातून आलेला कूलर जे काम आजवर करत होता, ते आता का पुरत नाही, हा प्रश्न आहे. कारण न शोधता कूलर मोठा केला, तर दोष झाकला जाईल आणि आतल्या क्लचची झीज चालूच राहील.
डोंगरवाट, हे नव्यानेच सुरू झाले का? काढलेल्या तेलाचा रंग आणि वास कसा होता? तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला तपासली होती का? पातळी कमी असली की पंप हवा ओढतो. जास्त असली की फिरते भाग तेलाला फेस आणतात. दोन्हींत तेल तापते.

डोंगरवाट :
नव्यानेच. आधी याच चढावर काही होत नव्हते. तेल तपकिरी होते आणि किंचित जळका वास होता. पातळी मेकॅनिकने स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) तापमान बघूनच ठरवली. स्कॅनरमध्ये बिघाडाचा एकही कोड नव्हता. सपाट रस्त्यावर इशारा येत नाही, पण पेट्रोल हल्ली जास्त लागते.

लांबपल्ला :
कोड नाही, म्हणजे आत बिघाड नाही. माझाच मुद्दा सिद्ध होतो.

जुना जाणता :
कोड नसल्याने बिघाड नाही, असे ठरत नाही. पेट्रोल जास्त लागते, हे मला महत्त्वाचे वाटते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे जाते आणि इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्ही बाजूंच्या वेगात जो फरक राहतो, त्यातून वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. ती वाचावी म्हणून ठरावीक वेगानंतर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडतो. एरवी तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. १२० च्या वर ते झपाट्याने खराब होऊ लागते.
मागे वाहन नसेल अशा सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये स्थिर वेग धरा आणि ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करा. लॉक-अप लागलेला असेल, तर तो सुटून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चटकन वर जाईल. आकड्याकडे शेजारी बसलेल्याने लक्ष ठेवावे.

डोंगरवाट :
करून पाहिले. आरपीएम जराही हलत नाही. म्हणजे लॉक-अप क्लच गेला आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागणार?

सांजवारा :
थांबा. क्लच घसरत असता, तर बहुतेक पी०७४१ सारखा (लॉक-अप नीट लागत नसल्याचा) कोड आला असता. संगणक लॉक-अपचा आदेशच देत नसेल, तर मात्र कोड येत नाही. ब्रेक दाबलेला आहे असे त्याला वाटत असले की तो आदेश देत नाही. तुमचे क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) चालते का? ब्रेक दाबलेला वाटला, तर तेही लागत नाही.

डोंगरवाट :
नाही, ते हल्ली लागतच नाही. त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते, म्हणून लिहिले नाही.

सांजवारा :
मग ब्रेकच्या पेडलवरचा स्विच तपासा. अनेक गाड्यांत त्यात दोन संपर्क असतात, एक मागच्या दिव्यांसाठी आणि दुसरा संगणकासाठी. त्यामुळे दिवे बरोबर विझत असले, तरी दुसरा अडकलेला असू शकतो. स्कॅनरच्या चालू नोंदींत, पाय पेडलवर नसताना, ब्रेकची स्थिती वाचा.

डोंगरवाट :
आत्ताच पाहिले. पाय खाली ठेवला, तरी ‘दाबलेला’ असेच दिसते. मागचे दिवे मात्र विझतात. स्विच उद्या बदलून घेतो. त्यानंतर लगेच प्रवासाला निघालो, तर चालेल का?

जुना जाणता :
स्विच बदलल्यावर ब्रेकच्या स्पर्शाची चाचणी पुन्हा करा. आरपीएम हलला, तर स्कॅनर लावून त्याच चढावर एकट्याने जाऊन या आणि तेलाचे तापमान वाचा. नवे तेलही या काळात तापून निघाले आहे, तेव्हा त्याचा रंग आणि वास पाहून, गरज वाटल्यास तेही बदलून घ्या. आई-वडिलांना त्यानंतरच गाडीत बसवा.

लांबपल्ला :
तरीही तापली, तर कूलरचे बघा.

जुना जाणता :
तरीही तापली, तर आधी कूलरच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळ्यांचे तापमान मोजा. जाणारी नळी स्पष्टपणे गार असायला हवी. दोन्ही जवळपास सारख्याच तापलेल्या असतील, तर तुमच्या सूचनेचा विचार करू.