जंगलाच्या हद्दीचे फोटो: काहींना लोकेशनच नाही, काहींना चुकीचे

रानवाट_कोरची
ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क दाव्यासाठी (गावाच्या जंगलावरचा हक्क मागण्यासाठी) हद्दीवरचे बुरूज (हद्दीच्या खुणा), बोड्या (लहान तळी) आणि मोहाची मोठी झाडे यांचे फोटो काढणे चालू आहे. तीन अँड्रॉइड फोन वापरतो. ६४ पैकी २० फोटोंना लोकेशन नाही. ११ फोटो वेगवेगळ्या जागचे, पण सगळ्यांवर गावातला एकच बिंदू. व्हॉट्सअॅप ग्रुपवरून जमा केलेल्यांत तर एकातही अक्षांश-रेखांश नाही. जंगलात टॉवर मिळत नाही. इंटरनेटशिवाय लोकेशन येते का? आणि या फोटोंना आता जागा जोडता येईल का?

धुऱ्यावरून
भाऊ, ही तीन वेगवेगळी कारणे आहेत.

२० कोरे फोटो: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा ‘सेव्ह लोकेशन’ बंद असेल. तेवढ्यावर थांबू नका. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा अॅपची लोकेशन परवानगी उघडा आणि ‘अचूक’ चालू आहे का ते पाहा. अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ असाही पर्याय आहे. त्यात जागा साधारण ३ चौरस किलोमीटरच्या आत कुठेतरी धरली जाते. बुरुजासाठी ती निरुपयोगी.

११ फोटो: जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन फक्त उपग्रहाचे ऐकतो. पण नेट असले की उपग्रहांची माहिती झटकन उतरते. नसले की ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात येते, आणि दाट झाडीत मधेच सिग्नल तुटला की चक्र पुन्हा धरावे लागते. कॅमेरा तेवढा थांबत नाही. बटण दाबताच हाताशी असलेली जुनी जागा तो लिहून टाकतो. तुमच्याकडे ती गावातली होती.

म्हणून गावाबाहेर उघड्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) फोन आकाशाकडे धरून चार-पाच मिनिटे थांबा. अचूकता मीटरमध्ये दाखवणारे कोणतेही जीपीएस अॅप चालू ठेवा. आकडा १० मीटरच्या खाली आला की जंगलात शिरा, आणि प्रत्येक बुरुजावर तो आकडा पुन्हा पाहूनच फोटो काढा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. अनेक फोनांत तो स्क्रीन बंद होताच लोकेशन थांबवतो. सागाखाली पावसाळ्यात अचूकता बिघडते. पानगळ झाल्यावर, मार्च-एप्रिलात, काम सोपे जाते.

व्हॉट्सअॅप: फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा मूळ फाइल केबलने घ्या. स्क्रीनशॉटमध्येही जागा राहत नाही. ग्रुपवरच्या फोटोंसाठी आधी मूळ फोन गाठा, बहुतेक माहिती तिथे शाबूत असेल.

नकाशा_गोंदिया
जुनी जागा ओळखायची एक खूण: बऱ्याच फोनांत फोटोच्या तपशिलात जीपीएसची वेळ वेगळी नोंदलेली असते. ती जागतिक वेळेत असते, म्हणून साडेपाच तास मिळवा. फोटोच्या वेळेशी जुळली नाही तर जागा शिळी आहे.

मागाहून जोडायचे तर संगणकावर एक्झिफटूल हे मोफत साधन चांगले, ते थेट फाइलमध्ये लिहिते. आधी फोटोंची प्रत काढून ठेवा. गूगल फोटोजमध्ये हाताने घातलेली जागा तिथल्या नोंदीत दिसते, मूळ फाइलमध्ये उतरेलच असे धरू नका.

पुढच्या फेरीला एका फोनवर ट्रॅक, म्हणजे चाललेली वाट, नोंदणारे अॅप चालू ठेवा. त्या वाटेची वेळेसकट नोंद असलेली जीपीएक्स फाइल मिळते, आणि एक्झिफटूल वेळ जुळवून सगळ्या फोटोंना जागा देते. तिन्ही फोनांची घड्याळे आधी एक करा आणि संगणक भारतीय वेळेवर ठेवा, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडून काहीच जुळत नाही. ट्रॅकमधल्या दोन नोंदींत अर्ध्या तासाहून जास्त खंड असेल तर मधल्या फोटोंना ते जवळच्या नोंदीचीच जागा देते, आणि ती नोंदही अर्ध्या तासाहून दूर असेल तरच जागा देत नाही, म्हणून असे फोटो तपासून घ्या. ट्रॅक फोनवाल्यापासून दूर गेलेल्या माणसाचे फोटो मात्र यात टाकू नका.

हाताने आकडे भरताना मिनिटे आणि दशांश यांची गल्लत फार होते. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५. कोणी २०.३० लिहिले की बिंदू २२ किलोमीटर दक्षिणेला जातो. दशांशानंतर पाच आकडे घ्या, तो साधारण एक मीटर.

रानवाट_कोरची
मोठी मदत झाली. फोटोवरच जागा छापणारे कॅमेरा अॅप वापरले तर चालेल का?

धुऱ्यावरून
प्रिंट जोडायला सोयीचे, पण त्याची जागाही त्याच जीपीएसवरून येते, म्हणून शिळी असू शकते. नेट नसताना पत्ता येत नाही. आकडे येतात, ते पुरेसे. साधा फोटोही काढाच.

वनहक्क_वाचक
फोटोवर सगळी भिस्त ठेवू नका. वनहक्क कायदा २००६ चा, आणि २०१२ च्या सुधारित नियमांत तंत्रज्ञानाचा पुरावा पूरक म्हणून सांगितला आहे, इतर पुराव्यांची जागा तो घेत नाही. वडीलधाऱ्यांचे जबाब लेखी घ्याच.

प्रत्येक जागी आधी पाटीचा फोटो काढा: अनुक्रमांक, तारीख, वेळ, वनविभागाचा कक्ष क्रमांक, बुरुजाची खूण, आणि अॅपमधला अचूकतेचा आकडा. लोकेशन बिघडले तरी त्या जागी परत जाता येते. शिवाय दुर्मिळ वनौषधी आणि आग्या मोहोळाच्या जागांचे फोटो लोकेशनसकट बाहेरच्या ग्रुपवर टाकू नका. अँड्रॉइडवर शेअर करताना बऱ्याच गॅलरी अॅपमध्ये लोकेशन काढून पाठवायची सोय असते.