मदत हवी आहे : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मोफत बसप्रवासासाठी निवेदन

नमस्कार. माझी मुलगी प्रथम वर्ष वाणिज्यसाठी दिंडोरीहून रोज नाशिकला येते. सीबीएसपर्यंत (नाशिकचे मध्यवर्ती बसस्थानक) एसटी आणि पुढे कॉलेज रोडपर्यंत सिटीलिंकची शहर बस, म्हणजे पासही दोन आणि रांगाही दोन. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेमुळे तिचा एसटी पास मोफत होता, परंतु पदवीला प्रवेश घेताच ती सोय संपली आणि आता सवलत वजा जाता एक तृतीयांश भाडे भरावे लागते. रक्कम मोठी नाही हे मान्य. मात्र द्राक्षांचे पैसे हाती येईपर्यंत तीही जड जाते. शेवटची बस चुकल्यास रिक्षासाठी म्हणून ती पासामागे पन्नासची नोट घडी घालून ठेवते, ते वेगळेच.

७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी मोफत आहे आणि कर्नाटकात जून २०२३ पासून महिलांना साध्या सरकारी बसचे भाडे नाही, त्यामुळे आमची मागणी अवाजवी वाटत नाही. आम्ही काही पालक निवेदन देणार आहोत. एसटी राज्य शासनाची आणि सिटीलिंक महापालिकेची असल्याने निवेदने स्वतंत्र द्यावीत का? बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई कोणी करावी, हा मुद्दा त्यात कसा मांडावा? असा पाठपुरावा केलेल्यांनी, शक्य असल्यास मसुद्यासह, कृपया मार्गदर्शन करावे.