शब्दचर्चा : श्रेष्ठ की श्रेष्ठा? (आणि त्यात प्रधान कुठून आले?)

दौतटाक :
एका अनुवादाचं मुद्रितशोधन करतोय. सिडनीतल्या एका नेपाळी कुटुंबावरचा लेख आहे. मूळ इंग्रजी. अनुवादकाने आडनाव सगळीकडे 'श्रेष्ठा' लिहिलंय. मला खटकलं म्हणून मी 'श्रेष्ठ' केलं, तर वाक्य झालं, "श्रेष्ठ यांनी दुकान उघडलं." आता वाचणाऱ्याला वाटणार, कोणीतरी थोर पुरुष दुकानात बसलाय. एके ठिकाणी तर "श्रेष्ठांचा निर्णय झाला" असं आलं आणि मला थेट दिल्लीतले पक्षश्रेष्ठी दिसले. नेमकं काय लिहावं? आणि मुळात एखाद्या जमातीने स्वतःला 'सर्वात चांगले' असं आडनाव कसं काय घेतलं? आपल्याकडे एवढा आत्मविश्वास कोकणातही नाही.

मात्रावेलांटी :
'श्रेष्ठ'च. काना रोमन लिपीतून आलाय. नेपाळीत शेवटचं अक्षर जोडाक्षर असलं की त्यातला अ पूर्ण उच्चारतात. आपणही 'श्रेष्ठ' म्हणताना शेवटी थोडा अ सोडतोच, मोकळा 'ठ्' म्हणत नाही. तो अ इंग्रजीत 'ए' अक्षराने दाखवला जातो आणि परत देवनागरीत येताना त्याचा 'आ' होतो. 'प्रचंड' हे टोपणनाव असलेले नेते नेपाळचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे 'प्रचंडा' लिहिणारे कमी नव्हते. जी माणसं स्वतःच देवनागरीत लिहितात त्यांची नावं रोमनमधून उलटी आणायची गरजच काय?

एक गंमत म्हणजे नेपाळी बोलण्यात श, ष, स यांचा उच्चार जवळजवळ एकच, स. त्यामुळे कानावर 'स्रेस्ठ' पडतं. लिहायचं मात्र श्रेष्ठ.

विभक्तीचं म्हणाल तर आडनावाला सामान्यरूप नको. विशेषण असेल तर 'श्रेष्ठाला', आडनाव असेल तर 'श्रेष्ठला', 'श्रेष्ठने'. आदरार्थी 'श्रेष्ठांनी' चालेल, सावंतांनी तसं. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या, म्हणजे थोर पुरुष दुकानातून उठून जाईल.

खडूपाटी :
'सर्वात चांगले' हा अर्थ इथे घेऊ नका. पाणिनीच्या हिशेबाने 'प्रशस्य'च्या जागी 'श्र' येऊन (व्याकरणात याला आदेश म्हणतात) श्रेयस् आणि श्रेष्ठ ही रूपं होतात, हे ठीक. पण समाजात वावरलेला शब्द म्हणजे श्रेष्ठिन्, व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा म्हणजे पेढीवाल्यांच्या संघाचा प्रमुख. गुप्तकाळातल्या बंगालच्या ताम्रपटांत 'नगरश्रेष्ठी' हा अधिकारी भेटतो. 'मृच्छकटिका'त चारुदत्त राहतो तो श्रेष्ठिचत्वरात, आणि नवव्या अंकात त्याच्या खटल्याला न्यायाधीशाशेजारी बसलेले असतात श्रेष्ठी आणि कायस्थ. पालीत त्याचा झाला सेट्ठि. त्यातूनच आपला शेट, गुजरातीतला शेठ, पंजाबातले सेठी, तमिळ चेट्टी. नाना शंकरशेट यांच्या नावातला शेट तोच (घराण्याचं आडनाव मुरकुटे). गोव्यातले शेट, रत्नागिरीकडचे शेट्ये हेही त्याच घरातले. तुमच्या पक्षश्रेष्ठींमध्ये तर मूळचा इन्नन्त ('इन्'ने संपणारा) शब्द शाबूत आहे, 'श्रेष्ठी'. तेव्हा सिडनीतल्या दुकानात बसलेला श्रेष्ठ म्हणजे आपल्या हिशेबाने शेटजीच. नाव अगदी जागच्या जागी आहे.

तीस्ताकाठ :
खडूपाटी, घाई झाली. नोकरीमुळे नऊ वर्षं दार्जिलिंगजवळच्या कालिंपोंगला काढली, म्हणून चार शब्द.

श्रेष्ठ हे नेवारांचं आडनाव. नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्याचे मूळचे रहिवासी. स्वतःला ते 'नेवाः' म्हणतात आणि 'नेपाल' व 'नेवार' ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. त्यांची भाषा, नेपाल भाषा, तिबेटी-बर्मी कुळातली, आपण जिला नेपाळी म्हणतो त्या खस-नेपाळीपेक्षा पूर्ण वेगळी. त्या भाषेत या जातीला म्हणतात 'स्यस्यः'. 'श्रेष्ठ' हे तिचं लेखी, संस्कृत रूप. अनेक अभ्यासक 'स्यस्यः'चं मूळ 'श्रेष्ठिन्'मध्ये न शोधता 'शिष्ट'मध्ये शोधतात. शिष्ट म्हणजे दरबारी, खानदानी. मला ते पटतं, कारण हा गट मुळात दुकानदारांचा नव्हताच. खोऱ्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या मल्ल राजांच्या काळातली ही कारभारी मंडळी. त्यांच्यातल्या वरच्या थरातली, म्हणजे छथरीयांची आडनावं ऐका : प्रधान, अमात्य, जोशी, राजभंडारी, वैद्य, माथेमा, मास्के. यादी वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या पाट्या वाचतोय.

आणि 'स्यस्यः'मध्ये ठ कुठे आहे? सेट्ठि, शेट, चेट्टी, सगळीकडे ट-ठ टिकलाय. इथे मागमूस नाही.

खडूपाटी :
'शिष्ट'मध्येही ट आहे हो, तीस्ताकाठ. तोही गेलाच ना?

तीस्ताकाठ :
हा हा, मान्य. ट दोन्हीकडून गेला. पण अर्थाचं पारडं माझ्याकडे झुकतं. खरा व्यापारी नेवार वेगळा : तुलाधर (नावातच तराजू), कंसाकार, ताम्राकार. ल्हासाच्या व्यापारात शतकानुशतकं पेढ्या चालवल्या त्या मुख्यतः या बौद्ध घराण्यांनी. श्रेष्ठ बहुतांशी शिवमार्गी, म्हणजे हिंदू.

दुकान त्यांच्या वाट्याला नंतर आलं. १७६८-६९ मध्ये गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाहने खोरं जिंकलं, दरबारातली कामं गोरख्याहून आलेल्यांकडे गेली, आणि नेवार डोंगरातल्या बाजारपेठांमध्ये पसरले. बंदीपूर, पाल्पाचं तानसेन, पूर्वेला भोजपूर, चैनपूर. कापड, मीठ, भांडी, उधारी. डोंगरातला शेतकरी त्यांना हाक मारतो 'साहुजी', बाईमाणसाला 'साहुनी'. म्हणजे बघा, सावकाराचा 'साव' नेपाळीत पाटीवरून नाही तर हाकेतून चिकटला.

त्याच बाजारांत आणखी एक गोष्ट घडली. खोऱ्यात नेवारांच्या जाती काटेकोर. पण बाहेर डोंगरात कोण ज्यापू (शेतकरी), कोण कोण, हे विचारणारं कोणी नव्हतं. कुठलाही नेवार बाहेरच्यांना 'श्रेष्ठ'च वाटायचा आणि तोही तसंच लिहू लागला. खुद्द खोऱ्यातही दोनतीन पिढ्यांत ज्यापू कुटुंबं श्रेष्ठ झाल्याचं मानववंशशास्त्रज्ञांनी गेल्या शतकातच नोंदलं होतं. त्यामुळे आज श्रेष्ठ हे नेवारांमधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे, आणि त्यावरून माणूस दरबारी घराण्यातला आहे की नाही हे मुळीच कळत नाही.

वालाचं बिरडं :
इतकी वर्षं इथे फक्त वाचतोय, पण आता राहवत नाही. मी प्रधान. अस्सल सीकेपी, ठाण्याचा. ऐंशीच्या दशकात दार्जिलिंगला गेलो होतो. हॉटेलच्या वहीत नाव लिहिलं तर मालक आनंदाने नेपाळीत सुरू झाला. मला काही कळेना. माझा चेहरा पाहून त्याचाही उत्साह मावळला. मग म्हणाला, "तर तुम्ही ओडिशाचे." तिथेही मी नाही म्हटल्यावर त्याने विषय सोडून दिला. हे नेपाळी प्रधान म्हणजे तुमचे छथरीय का?

तीस्ताकाठ :
हो, आणि इथेच आडनावाने कोलांटी मारली आहे. काठमांडूत जो श्रेष्ठ, तो सीमा ओलांडून दार्जिलिंग-सिक्कीमला आला की बऱ्याचदा प्रधान व्हायचा. छथरीय नसलेलेही झाले. तिकडे नेवार म्हणजे प्रधान हे समीकरण इतकं पक्कं आहे, की कालिंपोंगच्या बाजारात मला श्रेष्ठ क्वचित भेटले आणि प्रधान पावलोपावली.

'प्रधान'ला वजनही होतं. काठमांडू खोऱ्यातल्या पाटणचे सहा प्रधान मल्लांच्या शेवटच्या काळात राजे बसवायचे आणि उतरवायचे. एकदा तर त्यांनी पृथ्वीनारायण शाहच्या भावालाच, दलमर्दन शाहला, गादीवर बसवलं आणि पुन्हा खाली खेचलं. सिक्कीममध्ये १९व्या शतकात खाणींचे आणि जमिनीचे ठेके घेतलेले लक्ष्मीदास प्रधान प्रसिद्ध आहेत. १८८०च्या दशकात या घराण्याने सिक्कीमची तांब्याची नाणी पाडली, म्हणून ते 'टकसारी'. आपल्याकडे टांकसाळे आहेतच. नेपाळी व्याकरण आणि पाठ्यपुस्तकं ज्यांनी उभी केली ते पारसमणि प्रधान कालिंपोंगचे. सूर्यविक्रम ज्ञवाली, धरणीधर कोइराला आणि ते, या तिघांना मिळून 'सुधपा' म्हणतात.

मात्रावेलांटी :
'श्रेष्ठ'वाल्यांची नावंही येऊ द्या की. १९४१ मध्ये नेपाळच्या राणा राजवटीने चौघा विरोधकांना मारलं, त्यातले गंगालाल श्रेष्ठ. त्यांचे भाऊ पुष्पलाल यांनी १९४९ मध्ये कोलकात्यात नेपाळची कम्युनिस्ट पार्टी स्थापन केली. कवी सिद्धिचरण श्रेष्ठ यांना तर नेपाल भाषेतल्या एका कवितेपायी १८ वर्षांची शिक्षा ठोठावली होती. आणि पंचायत राजवटीतले (पक्षांवर बंदी घालणाऱ्या राजेशाहीतले) मरीचमान सिंह श्रेष्ठ १९८६ मध्ये पंतप्रधान झाले. एकाच आडनावात फासावरचा, तुरुंगातला आणि खुर्चीतला.

तीस्ताकाठ :
छोटी दुरुस्ती. गंगालाल फासावर गेले नाहीत, त्यांना गोळ्या घातल्या. फाशी शुक्रराज शास्त्री आणि धर्मभक्त माथेमा यांना. (माथेमा, वरची यादी पाहा.)

मात्रावेलांटी :
चूक झाली. धन्यवाद.

दौतटाक :
मग सिडनीत श्रेष्ठ एवढे का? आणि लंडनकडे गुरुंग, राई का? आमच्या सोसायटीचे तर तिसरेच, एक बोहरा आणि एक साउद. लोक दोघांनाही 'बहादूर' म्हणतात, ते सोडा.

तीस्ताकाठ :
कारण प्रत्येक आडनाव वेगळ्या दरवाजाने बाहेर पडलं. ब्रिटिश फौजेने भरती केली ती 'लढाऊ जाती' ठरवून : मगर, गुरुंग, राई, लिंबू. नेवारांना सहसा घेत नसत. त्यामुळे हाँगकाँग, सिंगापूर, ब्रुनेई आणि २००९ मध्ये माजी गुरखा सैनिकांना ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क मिळाल्यावर इंग्लंडमधलं ऑल्डरशॉट, या वाटेवर गुरुंग आणि लिंबू जास्त. मुंबई-पुण्याला येतात ते मुख्यतः नेपाळच्या सुदूर पश्चिमेचे, अछाम, बझांग, डोटीकडचे. म्हणून तुमचे बोहरा आणि साउद. हा दरवाजा गरिबीचा, पायी आणि बसने येण्याचा.

श्रेष्ठ गेले कॉलेजच्या दरवाजाने. खोऱ्यातले, शहरी, इंग्रजी शाळेत शिकलेले. अमेरिकेची व्हिसा लॉटरी, विद्यापीठं, डॅलसच्या आसपासची उपनगरं, न्यूयॉर्कचं जॅक्सन हाइट्स. ऑस्ट्रेलियात नेपाळमध्ये जन्मलेले २०११च्या जनगणनेत साधारण २५ हजार होते, २०२१ मध्ये १ लाख २२ हजार. त्यातले मोठ्या संख्येने विद्यार्थी म्हणून गेलेले. सिडनीच्या रॉकडेल, ऑबर्न भागांत मोमोची दुकानं बघा. जपानमध्येही २०२३ अखेर पावणेदोन लाखांच्या वर नेपाळी होते. तिथल्या लिपीत श्रेष्ठचं होतं 'शुरेसुता'. आपला काना त्यामानाने माफ.

आता गंमत ऐका. १९९०च्या सुमारास भूतानने दक्षिणेतल्या नेपाळीभाषकांना हाकललं. ती माणसं पूर्व नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली आणि २००७ नंतर १ लाखाहून अधिक जणांचं पुनर्वसन झालं, बहुतेकांचं अमेरिकेत. ओहायोचं कोलंबस, पेनसिल्व्हेनियाचं पिट्सबर्ग. त्यांच्यातल्या नेवारांचं आडनाव? प्रधान. कारण त्यांचे पूर्वज दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूच्या रिवाजातले. म्हणजे एकाच ओहायोत काठमांडूहून शिकायला आलेला श्रेष्ठ, छावणीतून आलेला प्रधान, भुवनेश्वरचा संगणक अभियंता प्रधान आणि आमचे वालाचं बिरडं यांचे पुतणे, सगळे एका यादीत. आडनावांचे नकाशे विकणारी संकेतस्थळं या तिन्ही प्रधानांची बेरीज करून 'मूळ : भारत' असं छापतात, आणि श्रेष्ठ वेगळ्या रंगात दाखवतात. ज्यांचं मूळ एक ते दोन रंगांत, ज्यांचा संबंध नाही ते एका रंगात.

वालाचं बिरडं :
पुतण्या खरोखर कोलंबसला आहे! त्याला सांगतो, पत्र चुकीच्या घरी गेलं तर रागावू नको.

खडूपाटी :
'शिष्ट'चा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. पण एक विचारतो. नेवारांचं नवीन वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं ना? म्हणजे आपला दिवाळी पाडवा. नेपाल संवत इ.स. ८७९चा, आणि कथा अशी की शंखधर साख्वा नावाच्या व्यापाऱ्याने लोकांची कर्जं फेडली म्हणून तो सुरू झाला. वहीपूजनाच्या दिवशी कर्जमुक्तीचा संवत! आणि तुम्ही म्हणता यांच्यात शेटजी नाही.

तीस्ताकाठ :
मी म्हटलं, श्रेष्ठ मुळात शेटजी नव्हते. नेवारांत शेटजी नव्हते असं कधी म्हटलं? आणि कर्ज फेडणारा शेटजी दाखवा, मग मूळ शब्दही मान्य करतो.

दौतटाक :
सर्वांचे आभार. सगळे काने काढले, 'श्रेष्ठने' केलं, पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव टाकलं. वाद मिटेपर्यंत अर्थाच्या वाटेला जात नाही.

फक्त एक राहिलंच होतं. लेखात या घरच्या सुनेचं माहेर गंगटोकचं, आडनाव प्रधान. अनुवादकाने तिथे तळटीप दिली होती, "प्रधान : मूळ महाराष्ट्रीय घराणे, बहुधा अष्टप्रधानांपैकी." आत्ताच खोडली.

वालाचं बिरडं :
अहो, राहू दिली असतीत. आमच्या घरात मोमो करणारं कोणीतरी हवंच होतं.