दुधाच्या शेळ्यांना प्रोटीन कशातून द्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ राहतो, घरी दुधाच्या शेळ्या आहेत. पावसात हिरवा चारा रग्गड असतो पण नुसता पाणचट, पोटं टम्म दिसतात आणि दूध मात्र कमी, त्यात जुळी करडं असलेली शेळी तर पार उतरलीय, पाठीवर हात फिरवला की मणके लागतात.

आता खोबऱ्याची पेंड, गव्हाचा भुसा आणि थोडा मका देतोय. खोबऱ्याच्या पेंडीत प्रोटीन साधारण २० ते २२ टक्के आणि शेंगदाणा पेंडीत ४० च्या वर, म्हणून बदलायचं मनात आहे, पण आमच्याकडच्या दमट हवेत शेंगपेंडीला बुरशी लगेच धरते आणि तिचं विष दुधात उतरतं, ते घरची पोरंच पितात, म्हणून हात आखडतो. सोयापेंड परवडत नाही.

कुंपणाला गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं भरपूर आहेत. ताजा पाला वास घेऊन सोडतात, कापून रात्रभर सुकवला की खातात, नखरे बघा! रोज प्रत्येकी किती द्यावा? सुबाभूळ सोबत चालेल का, तिच्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी द्रव्याने केस गळतात म्हणे.

आणि एक, नुसतं प्रोटीन वाढवून मका कमी पडला तर ते लघवीवाटेच जातं ना? गोठ्यात अमोनियाचा वास येतो त्यावरून शंका आली. सोळा टक्के प्रोटीनचं खाद्य घरी कालवणारं कोणी असेल तर प्रमाण सांगा, शक्यतो कोकणपट्टीतलं, घाटावरचा कडबा इथे भलताच महाग पडतो.