सुरमईला सहा नॉट, मान्य. पण सहा कुठले?

संथपाणी
आपण नागपूरकर बोटीमागे गळ ओढायला शिकतो ते धरणाच्या पाण्यावर, आणि वर्षातून एकदा मालवण-रत्नागिरीला जाऊन तीच सवय समुद्रावर चालवतो. माझं ठाम मत आहे की तिथेच आपलं चुकतं.

आपल्या गटात कुठल्या माशासाठी बोट किती वेगाने चालवायची याचा एक तक्ता फिरतोय. सुरमई 6, कुपा (ट्यूना) 7, वाहू हा समुद्री मासा 12 च्या वर, सगळे नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. हे आकडे चुकीचे नाहीत. पण ते पाण्यातून कापायच्या वेगाचे आहेत, आणि मोबाइलमधलं जीपीएस जमिनीवरून किती सरकलो ते सांगतं. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात पाणी जवळजवळ उभं असतं, त्यामुळे तिथे दोन्ही आकडे एकच येतात आणि फरक कधी जाणवतच नाही. समुद्रात दीड नॉटचा प्रवाह असला आणि बोट त्याच्याबरोबर चालली, की मोबाइल 6 दाखवतो, पण गळाला लावलेला बनावट मासा साडेचारनेच पोहत असतो. उलट फिरा, मोबाइलवर तेच 6, पण पाण्यात साडेसात.

मागच्या नोव्हेंबरात मालवणला सकाळभर आम्ही एका खडकाळ पट्ट्यावरून ये-जा केली. एका दिशेने तीन सुरमया लागल्या, परत येताना एकही नाही. वेग दोन्हीकडे 6. नंतर लक्षात आलं की ज्या दिशेला मासा लागत नव्हता, त्या दिशेला काठीचं टोक अगदी मंद थरथरत होतं. बनावट मासा नुसता ओढला जात होता, पोहत नव्हता. आकडा बघू नका, काठीचं टोक बघा, एवढंच मला म्हणायचं आहे.

सहा_नॉट
दादा, तीन माशांवर सिद्धांत उभा करताय. सकाळी परतीच्या वाटेवर सूर्य कुठल्या बाजूला होता? लाट पुढून होती की मागून? मागून लाट आली की बोट घसरते, थांबते, परत घसरते, आणि ओढीत खंड पडतो. एका दिशेला मासा न लागायला डझनभर कारणं असतात.

आणि नवख्या माणसाला "काठीचं टोक बघ" म्हणणं म्हणजे स्वयंपाक शिकणाऱ्याला "अंदाजाने मीठ घाल" म्हणण्यासारखं आहे. त्याला काय बघायचं तेच माहीत नसतं. तक्त्याने निदान तो योग्य गल्लीत तरी पोचतो. वाहूसाठी 12 नॉटवर टिकणारं जड मुंडीचं ल्यूर, म्हणजे बनावट आमिष, लागतं. तिथे रुंद जिभेचं, म्हणजे तोंडाशी रुंद पट्टी असलेलं, ल्यूर लावलं तर ते उलटंपालटं होऊन पाण्यावर उड्या मारेल. हे तक्त्यानेच कळतं.

संथपाणी
जिभेच्या ल्यूरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तो माझ्याच बाजूचा आहे भाऊ. त्या ल्यूरला माशाचं नाव कळत नाही, पाणी किती जोरात अंगावर येतंय तेवढंच कळतं.

पवनीकर
तक्त्याबद्दल एक गोष्ट कोणी बोललं नाही. त्यात एककच लिहिलेलं नाही! वरच्या अर्ध्या भागात गोड्या पाण्याचे मासे आहेत, ते आकडे अमेरिकेतल्या तळ्यांचे, ताशी मैलांत. खालचे समुद्राचे, नॉटमध्ये. आणि पुष्कळांच्या मोबाइलवर किलोमीटर. 2 मैल म्हणजे 3.2 किलोमीटर, 6 नॉट म्हणजे 11 किलोमीटर. माझ्या चुलत भावाने 6 किलोमीटरवर दोन तास सुरमई शोधली. तेवढा वेग साधारण सव्वातीन नॉट होतो.

वैनगंगेची_लेक
मी भंडारा जिल्ह्यातली, मासेमारी करणाऱ्या ढिवर घरातली, आता नोकरीसाठी नागपुरात. माझ्या बाबांनी उभा जन्म डोंग्यावर काढला. त्यांच्याकडे ना मोबाइल होता ना तक्ता. शिवड्यासाठी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या त्या शिकारी माशासाठी, गळ ओढायचा तर वल्हं कसं मारायचं हे ते दोरीवरून ठरवत. दोरी बोटाला गुंडाळलेली असायची. आमिष चालतंय की घसटतंय हे बोटाला कळायचं. थंडीत वल्हं आणखी सावकाश. पाणी गार झालं की मासा लांब धावत नाही, त्याच्या तोंडासमोरून हळूच न्यावं लागतं.

म्हणून संथपाणी दादांचं पटतं. पण "धरणावर शिकलेलं समुद्रावर चुकतं" हे काही पटलं नाही जी. धरणावर बोटाने शिकलेलं कुठेही चालतं. चुकतं ते मोबाइलने शिकलेलं.

अजून एक. रोहू, कटला यांच्यामागे गळ ओढत फिरू नका, ते शिकार करणारे मासे नाहीत. मरळ गवतात दबा धरून असतो, तिथे बोट फिरवली तर जाळी फाटतात आमच्या लोकांची. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असतो, आधी त्यांना विचारा. आणि तोतलाडोहात तर नकोच, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

संथपाणी
ताई, तुमची दुरुस्ती मान्य. बोटाने शिकलो असतो तर मालवणला अर्धी सकाळ वाया गेली नसती.

सहा_नॉट
ताईंच्या बाबांबद्दल आदर आहे. पण समुद्रात बोटीमागे चार-चार काठ्या असतात, बोटाला दोरी गुंडाळता येत नाही. मला मोजता येईल असं काही सांगा.

पवनीकर
मोजता येतं. भिजवलेल्या नारळाच्या सालीचा तुकडा नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, पुढे पाण्यात टाकायचा आणि तो नाळेपासून वरवंडीपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकापर्यंत, यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. बोट 8 मीटरची असेल तर 6 नॉटला सुमारे 2.6 सेकंद. साडेतीन सेकंद लागले तर तुम्ही साडेचारवर आहात, मोबाइल काहीही म्हणो. जुन्या जहाजांवर गाठी मारलेली दोरी सोडून वेग मोजत, नॉट हा शब्दच त्या गाठींवरून आला.

सहा_नॉट
2.6 आणि 2.1 मध्ये अर्धा सेकंद. 2.1 म्हणजे साडेसात नॉट. हलत्या बोटीवर अर्ध्या सेकंदाची चूक कोणाचीही होईल.

पवनीकर
म्हणून पाच वेळा टाकायचा आणि सरासरी घ्यायची. एका सालीवर भरवसा ठेवू नये, तसा तीन सुरमयांवरही नाही, इथे तुमचंच खरं.

वैनगंगेची_लेक
वळण घेऊन बघा. बोट वळली की आतल्या बाजूचा गळ मंदावून खाली जातो, बाहेरचा जोरात धावतो. मासा कुठल्या गळाला लागला त्यावरून वेग कमी करायचा की वाढवायचा ते कळतं. हे बाबा डोंग्यावरही करत.

सहा_नॉट
वळणावर मासा लागला तर तो वेगामुळे लागला की अचानक बदल झाल्यामुळे? मला वाटतं पुष्कळदा बदलामुळेच. मागे येणारा मासा आमिष पळायला लागलं की झडप घालतो.

शिवाय तुम्ही सगळे ल्यूरचंच बोलताय. मोठी सुरमई जिवंत बांगड्यावर दीड-दोन नॉटला लागते, सहाला नाही. त्याच माशाचे दोन वेग झाले. म्हणजे तक्त्यात माशाच्या नावापुढे आमिषाचा रकाना हवा आणि एकक हवं. एवढं मी सुधारायला तयार आहे. तक्ता फेकायला तयार नाही.

संथपाणी
रकाना घालाच. त्यात "पाण्यातला वेग" असं स्पष्ट लिहा. मी या वर्षी मालवणला तोच पट्टा दोन्ही दिशांनी सालीच्या वेळेवर 6 ठेवून चालवणार आहे, प्रत्येक दिशेला दहा फेऱ्या, सूर्य आणि लाट वहीत लिहून. तुम्ही येत असाल तर एक काठी तुमच्या तक्त्यावर, मोबाइलच्या सहावर.

सहा_नॉट
येतो. पण दोन काठ्या एकाच बोटीला, मग दोघींचा वेग वेगळा कसा ठेवणार? एक दिवस तुमचा, एक दिवस माझा असं करावं लागेल. आणि तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आधी सांगून ठेवा, डिझेल दुप्पट जाईल.