‘कम्युनिटी एंगेजमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

एका विद्यापीठीय केंद्राची माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजी नाव ‘रिसर्च हब फॉर पब्लिक सर्व्हिस अँड कम्युनिटी एंगेजमेंट’. तिथे प्राध्यापक आणि विद्यार्थी स्थानिक संस्थांबरोबर बसून प्रश्न ठरवतात, माहिती गोळा करतात आणि हाती आलेलं पुन्हा त्याच लोकांपुढे मांडतात. मी कच्चं नाव केलं: ‘लोकसेवा व समाजसंलग्नता संशोधन केंद्र’. शब्दशः बरोबर आहे, तरी वाचताना अडखळायला होतं. नेमकं कुठे बिनसतंय?

प्रतिसाद

‘संलग्नता’पाशी. विद्यापीठाच्या आवारात हा शब्द आधीच कामाला जुंपलेला आहे: संलग्न महाविद्यालय, संलग्नीकरण. ‘समाजसंलग्नता’ वाचून तिथल्या माणसाला मान्यतेची फाइलच आठवणार. शिवाय संलग्न म्हणजे जोडलेलं. जोडलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी बोलतातच असं नाही.

‘लोकसेवा’ही एकदा तपासा. लोकसेवा आयोग म्हटलं की सरकारी नोकरभरती डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये लोकसेवा म्हणजे सरकारी कार्यालयांनी ठरलेल्या मुदतीत नागरिकांना द्यायच्या सेवा, उदाहरणार्थ दाखले. दोन्ही अर्थ सरकारी आहेत. तुमचं केंद्र सरकारी सेवांचा अभ्यास करतं, की विद्यापीठाच्या ज्ञानाचा लोकांना उपयोग करून देतं? आधी हे सांगा.

विचारणा करणारी

प्रामुख्याने दुसरं.

प्रतिसाद

मग ‘लोकसेवा’ सोडा. ‘लोकोपयोगी संशोधन’ किंवा नुसतं ‘लोकहित’ पुरेल.

आणखी एक प्रतिसाद

मला ‘एंगेजमेंट’बद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण हा शब्द एका भांडणातून आलाय आणि ते भांडण माहीत नसेल तर कोणताही मराठी शब्द सारखाच वाटतो.

अमेरिकेत १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहिली. १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने या महाविद्यालयांतलं ज्ञान शेतकऱ्यांच्या दारापर्यंत न्यायची व्यवस्था केली. तिला ते ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. मराठीत त्याचाच ‘विस्तार’ झाला. कृषी विद्यापीठांतला ‘विस्तार शिक्षण’ विभाग तो हाच. अध्यापन, संशोधन आणि विस्तार अशी विद्यापीठाची तीन कामं मानली गेली, आणि तिसऱ्याचं दुसरं नाव ‘सर्व्हिस’.

या दोन्ही शब्दांत दिशा एकच आहे. विद्यापीठाला कळतं, ते लोकांपर्यंत पोचवतं. १९९०च्या दशकात यावर जोराची टीका झाली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९६ मध्ये ‘एंगेजमेंट’ची विद्वत्ता अशी कल्पना मांडली आणि विद्यापीठांनी आपली साधनं समाजाच्या निकडीच्या प्रश्नांना जोडावीत असा आग्रह धरला. १९९९ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या केलॉग आयोगाने स्पष्टच म्हटलं, की एकेरी विस्तार पुरे झाला, आता दुहेरी नातं हवं. पुढे कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणविषयक अमेरिकी संस्थेने विद्यापीठांच्या वर्गीकरणासाठी ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ची जी व्याख्या केली, तिच्यात भागीदारी आणि परस्परता हे दोन शब्द मध्यवर्ती आहेत.

म्हणजे ‘सेवा’ आणि ‘एंगेजमेंट’ यांच्यात एक ताण आहे आणि तुमच्या केंद्राच्या नावात दोन्ही शेजारी उभे आहेत. एकाने दिलं आणि दुसऱ्याने घेतलं की सेवा होते. एंगेजमेंटमध्ये प्रश्न कोणता, हेसुद्धा दोघांनी मिळून ठरवायचं असतं. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात विद्यापीठांनी ‘विज्ञानाची दुकानं’ काढली. तिथे नागरिकांच्या संघटना आपला प्रश्न घेऊन येत आणि विद्यार्थी-प्राध्यापक त्यावर संशोधन करत. प्रश्न बाहेरून आत येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मराठी शब्द असा हवा की त्यातून हे दुहेरी येणं-जाणं ऐकू येईल.

प्रतिसाद

‘लोकसहभाग’ का नको? रुळलेला आहे, सगळ्यांना कळतो.

‘एंगेजमेंट’बद्दल सविस्तर लिहिणारे

रुळलाय, पण कोणत्या अर्थाने ते पाहा. योजना वरून ठरते, मग ‘लोकसहभागातून’ ती पुरी होते, म्हणजे लोकांनी श्रम किंवा वर्गणी द्यायची. सहभाग लोकांचा, काम दुसऱ्याचं. अमेरिकी नियोजन-अभ्यासक शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये माहिती देणं आणि सल्ला घेणं, सहाव्या पायरीवर भागीदारी, आणि सगळ्यात वर नागरिकांचं नियंत्रण. आपला ‘लोकसहभाग’ या शिडीवर कुठेही बसू शकतो, म्हणूनच तो पुरेसा नेमका नाही. ‘सामाजिक बांधिलकी’ही सुचवली जाईल. तो चांगला शब्द आहे, पण ती मनातली भावना झाली. घरबसल्याही बांधिलकी असू शकते.

मी ‘सहयोग’ घेईन. सहयोगात दोन्ही बाजूंना हात लावावा लागतो. ‘भागीदारी’ अर्थाने त्याहून नेमका, पण नावात धंद्याचा वास येतो. मजकुरात जरूर वापरा.

प्रतिसाद

‘समाज’बद्दल कोणीच बोललं नाही. बोलण्यात ‘आमचा समाज’ म्हणजे बहुतेक वेळा आमची जात. ‘समाजसहयोग’ असं नाव ठेवलंत तर कोणत्या समाजाचा, असा प्रश्न येणारच. ‘समुदाय’ पुस्तकी आहे, पण निदान मोकळा आहे. माझं मत ‘लोक’ला. ‘लोकसहयोग’ उच्चारायला सोपा आणि कुणाला वगळत नाही.

प्रतिसाद

‘हब’साठी ‘केंद्र’ ठीक, फक्त एक छटा हरवते. हब म्हणजे मुळात चाकाचा मधला भाग. बैलगाडीच्या चाकात त्याला तुंबा म्हणतात, आरे त्यात बसवलेले असतात. तुंबा एकटा धावत नाही, आऱ्यांना एकत्र धरून ठेवतो. हे केंद्र स्वतः संशोधन करतं, की निरनिराळ्या विभागांना आणि बाहेरच्या संस्थांना एकत्र आणतं? दुसरं असेल तर ‘समन्वय केंद्र’ म्हणा.

आणि पुस्तिकेतला मजकूर हिंदीवरून घेत असाल तर ‘संशोधन’ जपून. हिंदीत तो कायद्यातली दुरुस्ती, मराठीत रिसर्च. ‘नियमों में संशोधन’चं ‘नियमांमधील संशोधन’ झालं की अर्थच पालटतो.

विचारणा करणारी

खूप आभार. सध्या ‘लोकहित व लोकसहयोग संशोधन समन्वय केंद्र’ इथवर आलेय. लांब आहे, पण खटकत नाही. आता आतल्या मजकुरातलं एक वाक्य: ‘केंद्रातर्फे लाभार्थ्यांसाठी विविध उपक्रम राबविले जातात.’ हे चालेल?

प्रतिसाद

नाव छान झालंय. दोनदा ‘लोक’ नको असेल तर पहिल्या जागी ‘जनहित’ करा.

वाक्य मात्र बदलाच. ‘लाभार्थी’ आला की बरोबर बसून प्रश्न ठरवणारी माणसं एका झटक्यात रांगेत उभी राहतात. ‘राबविले जातात’मध्ये कोण काय करतं ते कळत नाही. त्यात ‘साठी’ हा शब्दयोगी तर सगळी दिशा पुन्हा एकेरी करून टाकतो. असं लिहून पाहा: ‘स्थानिक संस्था आणि संशोधक मिळून अभ्यासाचा विषय ठरवतात आणि निष्कर्ष प्रसिद्ध होण्याआधी एकत्र तपासतात.’ जे खरोखर घडतं तेच लिहा. तपासणी एकत्र होत नसेल तर तो भाग गाळा. माहिती देणाऱ्यांना ‘सहभागी’ म्हणा, आणि जे प्रश्नावली तयार करण्यापासून बरोबर असतात त्यांना ‘सहसंशोधक’. संमतिपत्रावरही हेच शब्द ठेवा, नाहीतर पुस्तिकेत सहसंशोधक आणि सहीच्या जागी ‘लाभार्थ्याचे नाव’ असं होईल.